आठ त्रिक चोवीस

मंगळवार, ६ ऑगस्ट १९९१

ही वही आज नवी आणली. जुनी अद्याप संपलेली नाही. परंतु तिच्यात मुख्यत्वेकरून पाऊस, माझा गुडघा आणि माझी पत्नी ओडेसा हिची भाची यांच्याविषयीच्या नोंदी आहेत, आणि आजपासून जे घडणार आहे ते त्यांच्या शेजारी लिहिणे मला प्रशस्त वाटले नाही.

सकाळी सव्वादहा वाजता चर्चच्या मागच्या काँक्रीटच्या ओट्यावर यंत्र उतरले. एकाच लोखंडी पेटीत उन्हाळ्यासाठी विजेवरचा गारवा आणि हिवाळ्यासाठी गॅसची ऊब, अशी त्याची रचना आहे. मंडळीने चार वर्षे दर शुक्रवारी मासे तळून विकले, त्याचे हे फळ. पेटी क्रेनवरून खाली येत असताना मी क्रेनवाल्यास दोन्ही हातांनी खुणा करून मार्गदर्शन केले. पेटी अगदी बरोबर जागी बसली. नंतर कळले की तो त्याच्या माणसाकडे पाहत होता, जो माझ्या पाठीमागे उभा होता.

मी या चर्चचा डीकन, म्हणजे पाळकांच्या हाताखालचा सेवक; इमारतीची देखरेख एकेचाळीस वर्षे माझ्याकडे आहे. सर्व किल्ल्या माझ्या कमरेला असतात. माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले. पाचवीचा वर्ग मी केवळ खिडकीतून पाहिला, कारण त्या वर्षी कापूस लवकर फुटला. तथापि गणितात माझा पहिला क्रमांक होता. वर्गात आम्ही सात जण होतो, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो.

यंत्र जोडून ते सुरू करण्यासाठी दुकानाने एक बाई पाठवली आहे. याची मी नोंद करीत आहे, तक्रार नव्हे. तिचे नाव व्हर्नेल ग्रेसन. वय पंचेचाळीसच्या आसपास. पूर्वी ती शाळेच्या भोजनगृहात स्वयंपाक करीत असे. नवरा वारल्यावर संध्याकाळच्या वर्गात जाऊन हे काम शिकली.

"डीकन, माझ्या सहीचं हे पहिलंच यंत्र," गॅसच्या नळीचा आटा आवळीत ती म्हणाली. "आजवर दुसऱ्यांच्या हाताखाली केलं. हे नव्वद दिवस बिनतक्रार चाललं की मालक मला कायम करणार. नाही चाललं, तर परत दोनशे पोरांच्या मक्याच्या पावासमोर उभी."

"चालेल," मी म्हणालो. "मी आहे ना."

ती हसली. का हसली ते कळले नाही. मग तिने मला कॉम्प्रेसरच्या बुडाशी असलेला एक लहानसा हीटर दाखवला. प्रवासात तेलामध्ये गार करणारा वायू मुरून बसतो; हीटर तेल तापवून त्याला बाहेर हाकलतो. "तसंच थंड चालू केलं तर तेलाचा नुसता फेस होतो, आणि आतलं सगळं कोरडं घासतं. मी शनिवारी सकाळी आठला येते. त्याआधी त्याला चोवीस तास वीज मिळालेली पाहिजे. भिंतीवरचा हा खटका वर केला की झालं. एवढं कराल ना?"

मी वहीत लिहिले: चोवीस तास. आणि खाली दोन रेघा मारल्या.

बुधवार, ७ ऑगस्ट

चोवीस तास म्हणजे एक संपूर्ण रात्र इमारतीत वीज सुरू राहणार, आणि आत कोणी नसणार. हे मला मान्य होण्यासारखे नाही. १९४९ साली आमचे जुने लाकडी चर्च एका सुरू राहिलेल्या तारेमुळे जळाले. त्याची राख उपसण्याचे काम मी केले आहे. पियानोच्या तारा मी स्वतःच्या हातांनी राखेतून ओढून काढल्या. त्यानंतर या जागी जे उभे राहिले, त्यातली वीज उपासना संपल्यावर कधीही सुरू राहिलेली नाही. एकदाही नाही.

यास्तव रात्री विचार केला आणि पहाटेपर्यंत उत्तर सापडले. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. दररोज सकाळी आठ ते दुपारी चार. आठ त्रिक चोवीस. यंत्रास त्याचे तास मिळतात, इमारतीस तिची सुरक्षितता मिळते, आणि मी समोर खुर्ची टाकून बसतो, म्हणजे देखरेखही होते. इतकी साधी गोष्ट त्या शिकलेल्या बाईच्या ध्यानात कशी आली नाही, याचे आश्चर्य वाटले. परंतु हे मी तिला सांगून तिला खजील करणार नाही.

आठ ते चार बसलो. यंत्र काहीही करीत नाही. मीही काही केले नाही. चार वाजता खटका खाली.

गुरुवार, ८ ऑगस्ट

आठ तास. एकूण सोळा.

ओडेसा दुपारी ताक आणि मक्याचा पाव घेऊन आली. "काय हो, पळून जाणार आहे का ते?"

"मी त्याच्यावर लक्ष ठेवून आहे."

"पंचेचाळीस वर्षांत माझ्याकडे कधी इतका वेळ बघत बसला नाहीत."

तिला मी समजावून सांगितले की तिला खटका नाही. ताक ती परत घेऊन गेली.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

आठ तास. अधिक अर्धा तास, परमेश्वराच्या नावाने. एकूण साडेचोवीस. साडेचार वाजता खटका खाली केला, कुलूप लावले, समाधान वाटले.

शनिवार, १० ऑगस्ट

व्हर्नेल आठला तीन मिनिटे कमी असताना आली. ती येण्यापूर्वी पाच मिनिटे मी खटका वर केला होता, म्हणजे तिला विनाकारण विचारण्याची वेळ येऊ नये.

तिने पेटीची दारे उघडली, प्रवासासाठी ठोकलेले लाकडी ठोकळे काढले, तारांचा एकेक स्क्रू आवळला, पंखा हाताने फिरवून पाहिला. गॅसच्या जोडांवर साबणाचे पाणी लावले. भांडे मी धरले. फुगे आले नाहीत. मला किंचित निराशा वाटली.

मग गारव्याची पाळी. कॉम्प्रेसर सुरू होताच आतून कोणी पिंपावर हातोडी घालावी तसा आवाज आला. तिने तत्क्षणी बंद केला.

"डीकन, चोवीस तास दिलेत ना?"

"पूर्ण चोवीस. वर अर्धा."

"नक्की ना?"

"बाई," मी म्हणालो, "या चर्चमध्ये आमोस टॉलिव्हरचा शब्द दुसऱ्यांदा विचारीत नाहीत."

तिचा चेहरा पडला. "चुकलं, साहेब. पहिलंच आहे ना माझं, म्हणून धाकधूक."

मी तिला मोठ्या मनाने क्षमा केली. अर्ध्या तासाने तिने पुन्हा सुरू केले; ठोके कमी होत होत थांबले. बाहेर त्र्याण्णव अंश फॅरनहाइट होते, आणि आतल्या जाळीतून येणारी हवा अठ्ठावन्न. मी त्या हवेसमोर तोंड करून उभा राहिलो, ते फार वेळ झाले असावे, कारण व्हर्नेलने मला बाजूला व्हायला सांगितले.

त्यानंतर उबेची तपासणी. ऑगस्टमध्ये ती कशासाठी, असे मी विचारले. ती म्हणाली, नोव्हेंबरमध्ये थंडीने काकडणाऱ्या मंडळीसमोर दोष सापडण्यापेक्षा आज घाम बरा. प्रथम धूर ओढणारा लहान पंखा फिरला, मग ठिणगी, मग निळ्या ज्योती एका रांगेत उभ्या राहिल्या. तिने गॅसचा दाब मोजला, आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेतले अंतर मोजले, पंचेचाळीस अंश, आणि मान डोलावली.

नेमक्या त्याच वेळी मदर पिंकी लॉकहार्ट बाके पुसण्यासाठी आल्या. मंडळीतल्या वडीलधाऱ्या स्त्रियांना आम्ही मदर म्हणतो. त्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत, आणि मला नावाने हाक मारणाऱ्या आता त्या एकट्याच उरल्या आहेत.

"आमोस! चार वर्षं मासे तळले ते या भट्टीसाठी?"

"मदर, ही तपासणी चालू आहे."

"नरकाची? मला नको दाखवूस. मी दुसरीकडे जाणारेय."

कागदपत्र चार पानी होते. 'चोवीस तास वीज दिली' या ओळीपुढे व्हर्नेलने खूण केली, आणि आम्ही दोघांनी सह्या केल्या. माझी सही जास्त सुवाच्य आहे.

निघताना ती म्हणाली, "आता उन्हाळाभर हा खटका कुणी खाली करायचा नाही." साहजिकच तिच्या बोलण्याचा रोख इतरांवर होता.

रविवार, ११ ऑगस्ट

अंत्यविधी करणाऱ्या दुकानाने वाटलेले पुठ्ठ्याचे पंखे आज कोणीही उचलले नाहीत. पहिल्या बाकावर चारही मदर हिवाळी कोट घालून बसल्या होत्या. मंडळीला घाम येत नाही असे पाहून पाळक स्टॅलवर्थ यांनी प्रवचन सत्तर मिनिटे लांबवले. यंत्राचा हा दोष कागदपत्रात कोठेही लिहिलेला नाही.

उपासना संपताच, नेहमीप्रमाणे, खटका खाली.

रविवार, १८ ऑगस्ट

सकाळी यंत्र सुरू करताना पुन्हा ठोके आले, मागच्यापेक्षा अधिक. नवे यंत्र जागेवर बसते तेव्हा असे होत असावे. मी पेटीवर थाप मारली. मग ते थांबले. थाप कोठे मारावी हे अनुभवाने कळते.

उपासनेनंतर खटका खाली.

गुरुवार, २२ ऑगस्ट

यंत्र मेले.

गायकवृंदाच्या सरावासाठी दुपारी सुरू केले. एक खडखडाट, एक दीर्घ घरघर, आणि शांतता. येत्या रविवारी होमकमिंग, म्हणजे शिकागोपासून डेट्रॉइटपर्यंत गेलेली आमची सगळी माणसे घरी येणार.

व्हर्नेल आली, आणि सोबत तिचा मालक. त्याने कॉम्प्रेसरमधून थोडे तेल काढले. ते काळे होते, आणि त्यात धातूचा चकाकणारा कीस होता. तो पाहून व्हर्नेल खाली ओट्यावरच बसली.

"थंड चालू केलंय," मालक म्हणाला. "चोवीस तास मिळालेच नाहीत याला."

"मिळाले," व्हर्नेल म्हणाली. "हे बघा. डीकननी सही केलीय."

त्याने माझ्याकडे पाहिले. मी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "महाशय, चोवीस तास पूर्ण दिले गेले आहेत. मी शपथेवर सांगण्यास तयार आहे."

"मग व्हर्नेल, तूच कुठेतरी माती खाल्लीस. दुसरं कोण राहिलं?" तो शांतपणे म्हणाला, म्हणून ते अधिक वाईट वाटले. "सोमवारी गाडीची किल्ली टेबलावर ठेव."

व्हर्नेल हत्यारे एकेक पुसून पेटीत ठेवू लागली. मी तिच्या बाजूने साक्ष दिली होती, त्यामुळे माझे मन स्वच्छ होते. चूक तिच्याकडून कोठे झाली असावी याचा मी घरी येईपर्यंत सहानुभूतीपूर्वक विचार केला.

शुक्रवार, २३ ऑगस्ट

हे लिहिण्यासाठी दोनदा बसलो आणि दोनदा उठलो.

आज दुपारी होमकमिंगसाठी मांस भाजण्याचा खड्डा साफ करीत होतो. रविवारचे डुकराचे मांस दरवर्षी मीच भाजतो. ओडेसा हिकरीची लाकडे रचीत होती.

"बिचारी व्हर्नेल," ती म्हणाली. "तुम्ही तर खुर्ची टाकून बसला होतात. चोवीस तास दिलेत ना नीट?"

मी तिला आठ त्रिक चोवीसची युक्ती सांगितली. पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितली. ती कौतुक करील अशी माझी अपेक्षा होती.

ओडेसाने हातातले लाकूड खाली ठेवले. "मला सांगा, खांद्याचं मांस शिजायला किती तास लागतात?"

"चौदा. मंद आचेवर."

"मग आज पाच तास भाजा. विझवा. उद्या पाच. विझवा. परवा चार. झाले की चौदा."

"ओडेसा, असे मांस कुत्रासुद्धा..."

ती लाकडे रचू लागली. तिची पाठ माझ्याकडे होती आणि तिने माझ्याकडे पाहिले नाही, याबद्दल मी तिचा आभारी आहे.

मी खड्ड्याच्या कडेला बसून राहिलो. रोज चार वाजता तेल गार होत होते, रोज वायू परत त्यात मुरत होता, आणि मी रोज समाधानाने कुलूप लावत होतो. नंतर प्रत्येक रविवारी पुन्हा तेच. मी त्या यंत्रास एकदा नव्हे, पाच वेळा मारले, आणि एकदा थापही मारली.

आणि काल शपथ देऊ केली. त्या बाईचे काम यंत्राने घालवले नाही. माझ्या साक्षीने घालवले.

आता शंका लिहितो, कारण ही वही त्यासाठीच आहे. ओडेसाखेरीज हे कोणास ठाऊक नाही, आणि ओडेसा बोलणार नाही. मी सांगितले तर दुकान फुकट कॉम्प्रेसर देणार नाही, मंडळीस पुन्हा मासे तळावे लागतील. १९६८ साली एक नळ रात्रभर वाहत राहिला, म्हणून ब्रदर पर्नेल यांना मी इमारत समितीतून राजीनामा द्यायला लावला होता. ते अजून दर रविवारी माझ्यामागच्या बाकावर बसतात.

शनिवार, २४ ऑगस्ट

पहाटे खड्डा पेटवला. नऊ वाजता ओडेसा म्हणाली, "आच मी बघते. तुम्ही जा." मी कोठे जाणार हे मी तिला सांगितले नव्हते. कोट घातला, टाय बांधला, ही वही घेतली.

दुकानात मालक होता आणि व्हर्नेल होती. ती आपले कपाट रिकामे करीत होती. मी तयार केलेले भाषण आठवेना. म्हणून वही उघडली आणि सात तारखेपासून मोठ्याने वाचू लागलो. "आठ तास. एकूण सोळा," येथे मालकाने तोंडावर हात धरला. "अधिक अर्धा तास, परमेश्वराच्या नावाने," येथे तो खुर्चीतून उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. अठरा तारखेची थाप मी वगळणार होतो. वगळली नाही.

व्हर्नेल हसली नाही.

"मी दोनदा विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली.

"होय."

"दुसऱ्यांदा विचारलं म्हणून माफी मागायला लावलीत."

"होय."

"डीकन, मी दोन रात्री झोपले नाही. कुठला स्क्रू राहिला, कुठला राहिला, हेच."

टोपी हातात होती, ती मी फिरवीत राहिलो. मालक डोळे पुसून वळला. यंत्राची हमी गेली, कॉम्प्रेसर चर्चला विकत घ्यावा लागेल, असे त्याने सांगितले. मग गाडीची किल्ली व्हर्नेलपुढे सरकवली. "पण नव्वद दिवस पुन्हा पहिल्यापासून," तो म्हणाला. "सही तुझी होती. कॉम्प्रेसरच्या बुडाला हात लावून बघायला हवं होतंस."

"हो," ती म्हणाली. "बघायला हवं होतं."

रविवार, २५ ऑगस्ट

सत्त्याण्णव अंश. सव्वादोनशे माणसे. पुठ्ठ्याचे पंखे सगळे बाहेर आले, तरी कमी पडले.

साक्षीच्या वेळी मी उभा राहिलो. आमच्याकडे कोणी साक्ष द्यायला उठले की मंडळी त्याला धीर देते; कबुलीच्या वेळीही ती सवय सुटत नाही.

"बंधुभगिनींनो, हा जो उकाडा आहे..."

"सांगा, डीकन!"

"...तो माझ्यामुळे आहे."

"आमेन!" असे काहीजण म्हणाले. मग थांबले.

मी सर्व सांगितले. व्हर्नेल ग्रेसन यांचा यात काडीचाही दोष नाही, हे दोनदा सांगितले. आठ त्रिक चोवीसला गायकवृंदातून कोणीतरी फिस्सकन हसले आणि ते हसू बाकांवरून मागे मागे गेले. मी वाट पाहिली. किल्ल्यांचा जुडगा कमरेचा काढून वेदीपाशी ठेवला आणि म्हणालो की ब्रदर पर्नेल यांनी नळ उघडा ठेवला होता. मी तर संपूर्ण यंत्र मारले.

मदर पिंकी पंखा हलवीत म्हणाल्या, "बस खाली, आमोस. किती उकडतंय, आणि तू आणखी वारा अडवून उभा."

पाळकसाहेबांनी प्रवचन अठरा मिनिटांत संपवले. अनेकांनी नंतर येऊन माझा हात हातात घेतला; त्यातले निम्मे, मला वाटते, त्याबद्दल आभार मानीत होते.

ब्रदर पर्नेल शेवटी आले. जुडगा त्यांच्या हातात होता. त्यांनी तो माझ्या खिशात घातला. "ठेव बाबा तूच. मला नळच सांभाळवत नाही," ते म्हणाले. ते हसत होते, पण तेवीस वर्षांनी.

शनिवार, २८ सप्टेंबर

मासे पुन्हा तळले. पाचही शुक्रवारी कढईपाशी मी उभा होतो. बुधवारी नवा कॉम्प्रेसर आला.

व्हर्नेलने काल सकाळी सात वाजता स्वतः येऊन खटका वर केला आणि त्यास आपले कुलूप लावले. त्याची किल्ली तिच्याजवळ आहे. रात्रभर इमारतीत वीज सुरू राहिली. घरी मी तीनदा खिडकीपाशी गेलो, चर्चच्या दिशेला. तिसऱ्या वेळी ओडेसाने खिडकीचा पडदा ओढून घेतला.

आज आठला ती आली. मी उत्तर तयार ठेवले होते. तिने विचारले नाही. सरळ पेटी उघडून कॉम्प्रेसरच्या बुडाला तळहात लावला, आणि तो तसाच काही वेळ ठेवला. एकेचाळीस वर्षांत प्रथमच कोणी माझा शब्द मागितला नाही. वाईट वाटले. रास्तच होते, आणि वाईटही वाटले. दोन्ही लिहून ठेवतो.

"या," ती म्हणाली. "हात लावा इथे."

लावला. ऊबदार होते, नुकत्याच झोपेतून उठलेल्या मुलाच्या पाठीसारखे.

यंत्र सुरू झाले. ठोका नाही, घरघर नाही. गारवा तपासला, ज्योती तपासल्या, हवेचे अंतर तपासले. तिने कागदावर सही केली.

"नव्वदातला हा पहिला," ती म्हणाली. "आणि डीकन, माझे नव्वद रोज थोडे थोडे करून नका मोजू बरं."

ती हसली. मी हसलो नाही, पण आतले हसू तिला दिसले असावे.

ती गेल्यावर दारे बंद केली, दिवे मालवले, आणि सवयीने इमारतीच्या मागे गेलो. यंत्र आपले काम करीत होते. खटक्यावर तिचे कुलूप होते. मी ते हातात धरून ओढून पाहिले. पक्के होते. घरी आलो.